आप्पांची उजवी मांडी

“यात काहीतरी गोम आहे.”

कोणतीही वस्तू हातात आली की आप्पा आधी ती उजेडात धरायचे, एक डोळा बारीक करायचे आणि हे म्हणायचे. मग ती दुधाची पिशवी असो, मुलीच्या सासरहून आलेला मिठाईचा डबा असो, नाहीतर माझ्या दुकानातली तापाच्या गोळ्यांची पट्टी. तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल. त्याला पाहिलं की भाजीवाला आपण होऊन काटा पुसायला लागतो.

सुरतेच्या डिंडोलीत माझं औषधांचं दुकान आहे. आप्पा मागच्या सोसायटीत राहायचे आणि उधन्याला लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, कामाला जायचे. सूत गुंडाळलेला जड रूळ, ज्याला तिकडे बीम म्हणतात, तो मागावर चढवायचं त्यांचं काम. माणूस बुटका, खांद्यात रुंद. शिंदखेड्याकडचे, म्हणजे माझ्याच मुलखातले, म्हणून दुकानात आले की लवकर जायचे नाहीत. पट्टी उलटसुलट करून झाली की विचारायचे, “भाऊ, ही असली आहे ना?”

“असलीच आहे आप्पा. कंपनीची आहे.”

“कंपनी असली आहे का?”

गॅसचा बाटला आला की ते त्याला बोटाने टकटक करून कान लावायचे. घारी, म्हणजे सुरतेची माव्याची मिठाई, घ्यायला गेले तर दुकानदाराला आधी एक मोडायला लावायचे आणि आतला मावा नाकाशी धरायचे. शेजारच्या पोरीला चांगले मार्क पडले म्हणून तिच्या आईने पेढे आणले, तर आप्पांनी पेढा घेण्याआधी विचारलं, “पेपर कोणी तपासले?” यात दुष्टपणा नव्हता. कोणाचं वाईट व्हावं असं त्यांना कधी वाटलं नाही. जग आपल्याला कुठेतरी थोडंसं फसवतंय आणि नेमकं कुठे ते सापडत नाही, एवढीच त्यांची तक्रार होती.

त्यांच्या बायकोला सगळे जिजी म्हणत. जिजी हसून म्हणायची, “लग्नाआधी मला पाहायला आले तेव्हा यांनी माझ्या बापाला विचारलं होतं, हीच पोरगी देणार ना?”

एका हिवाळ्यात आप्पांच्या उजव्या जांघेत गाठ दिसायला लागली. उभं राहिलं की वर यायची, झोपलं की आत जायची. सुरतेत त्याला सारणगाठ म्हणतात, आपल्याकडे आंत उतरली म्हणतात, डॉक्टर हर्निया म्हणतात. बीम उचलणाऱ्या माणसाला ते व्हायचंच. आप्पांनी बरेच महिने कोणाला सांगितलं नाही. एका हाताने गाठ दाबून ठेवायची आणि दुसऱ्याने काम करायचं, असं चाललं होतं. शेवटी एकदा खात्यातच ते वाकडे होऊन बसले, तेव्हा जावई त्यांना एका खासगी दवाखान्यात घेऊन गेला.

हा जावई भेस्तानला राहायचा, कापड रंगवायच्या एका प्रोसेस मिलमध्ये होता. शांत मुलगा. त्याच्या मिलमधल्या एकाचं तिथे दुर्बिणीतून असंच ऑपरेशन झालं होतं आणि तो माणूस महिन्याभरात कामावर परत आला होता. मोठी चिरफाड नाही, पोटावर तीन बारीक भोकं, आतून एक जाळी लावायची, की काम झालं.

आप्पा माझ्याकडे आले ते थेट या जाळीवरच.

“भाऊ, भोक एवढंसं.” त्यांनी करंगळीचं टोक दाखवलं. “आणि जाळी एवढी.” त्यांनी तळहात दाखवला. “मग जाते कशी आत?”

“गुंडाळून घालतात, आत उघडतात.”

“तुम्ही पाहिलंय?”

“नाही.”

“मग?”

डॉक्टरांनी त्यांना जाळीचा नमुना हातात दिला होता. आप्पांनी तो खिडकीपाशी नेला, ताणला, चोळला आणि डॉक्टरांना सांगितलं, “ही तर पोत्याची जात.” डॉक्टर हसले. ते तरुण होते, हुशार होते, त्यांच्या दाराबाहेर रांग होती. म्हणाले, “काका, पोत्याच्याच जातीची आहे, पण शुद्ध केलेली.” आप्पांना हे उत्तर आवडलं असावं. हो म्हणाले.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. गाठ गेली, ती गेलीच. पण घरी आल्यावर आप्पा लेंगा घालायला गेले आणि ओरडले.

उजव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला आग लागल्यासारखं होत होतं. वरून पाहावं तर काही नाही. लाली नाही, सूज नाही, ओरखडा नाही. भोकं तर पोटावर, मांडीला कोणी हातही लावलेला नाही. दाबून धरलं तर एकवेळ चालायचं, पण कापड नुसतं घासून गेलं की करंट लागल्यासारखे उडायचे. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, “नवीन आहे, बसेल हळूहळू.” त्यांनी काही चुकीचं सांगितलं नव्हतं. पुष्कळांचं बसतं. आप्पांचं बसलं नाही.

आणि आता बघा, इथे त्यांचा स्वभाव त्यांना आडवा आला. दुसरा कोणी असता तर दुखतंय दुखतंय म्हणत राहिला असता. आप्पा चौकशीला लागले. त्यांचा पहिला संशय असा, की आत कात्री राहिली. दुसरा त्याहून मोठा. कोणाला न सांगता ते एका सोनोग्राफीच्या ठिकाणी गेले, पोट दाखवलं आणि त्या बाईंना हळूच विचारलं, “बेन, किडन्या बघा. दोन आहेत का?”

“दोन्ही आहेत काका.”

“माझ्याच आहेत ना?”

ही गोष्ट त्यांनी स्वतःच जिजीला सांगितली आणि जिजीने भाबडेपणाने शेजारणीला. आठवड्याभरात सोसायटीतली पोरंसुद्धा त्यांना पाहून पोटावर हात ठेवायला लागली. मलाही हसू आलं होतं, कोणाला येणार नाही? पण त्या हसण्यानंतर आप्पांच्या दुखण्याला काही किंमत राहिली नाही. किडनीचा वहम होता तसा हा मांडीचा वहम, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

खात्यात शेठने आधी थांबून पाहिलं. मग म्हणाला, “आप्पा, बीम उचलायचा कंटाळा आला असेल तर सरळ सांगा. ऑपरेशन पोटाचं, दुखणं पायाचं, असं कुठे असतं?” आप्पा त्या दिवशी डबा उचलून घरी आले ते पुन्हा गेले नाहीत.

मी त्यांना दुकानातून जाता-येता पाहायचो. उन्हाळा सुरू झाला होता. ते लुंगी नेसायचे आणि चालताना उजव्या बाजूची लुंगी दोन बोटांनी अंगापासून दूर धरायचे, एखादी बाई चिखलातून जाताना साडी धरते तशी. पोरं नक्कल करायची. मी मात्र एक गोष्ट बघत होतो. ढोंग करणारा माणूस लोक बघतात तेव्हा ढोंग करतो. आप्पा माझ्या दुकानामागच्या बोळात, जिथे कोणी नसायचं, तिथेसुद्धा लुंगी तशीच धरून चालायचे.

दुखणं थांबेना म्हटल्यावर डॉक्टरांनी नवी गोळी लिहून दिली. नसेसाठीची. आप्पांनी पट्टी घेतली, उजेडात धरली, आणि संध्याकाळी लाल होऊन परत आले. शेजारच्या मुलाकडून मोबाइलमध्ये पाहून घेतलं होतं.

“भाऊ, ही फिट येणाऱ्यांची गोळी आहे. मला फिट येते का?”

“आप्पा, तीच गोळी नसेच्या दुखण्यालाही देतात. नस भडकलेली असते, तिला शांत करते.”

“म्हणजे डोक्यावर परिणाम करते.”

“थोडी झोप येईल.”

“मला वेडा ठरवायला निघालेत,” ते म्हणाले. “आणि तुम्हाला ते विकायचंय.”

माझ्याकडचं त्यांचं येणं त्यानंतर कमी झालं. गोळ्या त्यांनी दोन दिवस घेतल्या आणि सोडल्या. दुसऱ्या मेडिकलमधून साध्या दुखण्याच्या गोळ्या घेतात, असं कानावर यायचं. त्यांचा काही उपयोग नव्हता. नुसतं पोट जाळत होत्या.

खरं वाईट घडलं ते आखाजीला. आमच्या खानदेशात आखाजी म्हणजे लेकींचा सण. मुलगी माहेरी येते, झोके बांधतात, पुरणपोळी, आमरस. आप्पांची मुलगी नवऱ्याला घेऊन आली होती. मला जिजीने जेवायला बोलावलं होतं, म्हणून मी तिथे होतो. पानं वाढून झाली होती. जावई आप्पांच्या शेजारी बसायला खाली वाकला आणि त्याच्या गुडघ्याचा आप्पांच्या मांडीला धक्का लागला. आप्पा किंचाळले. मग कितीतरी वेळ डोळे मिटून बसले. डोळे उघडले तेव्हा म्हणाले,

“त्या दवाखान्यात तुला काय मिळालं?”

जावयाला कळलंच नाही. “काय मिळालं म्हणजे?”

“मला तिथे नेण्याचं. लोक आणून देणाऱ्याला काहीतरी देतात, माहीत आहे मला.”

आमरसाच्या वाटीवर माशी बसली होती, ती हाकलायलाही कोणाचा हात हलला नाही. मुलगी उठली. “चला,” ती नवऱ्याला म्हणाली. जिजी दारापर्यंत मागे गेली, रडली, हात धरला. मुलगी म्हणाली, “आई, आत्ता त्यांना हे वाटतंय. उद्या म्हणतील, तूच विष घातलंस.” आणि ती दोघं न जेवता भेस्तानला गेली.

त्यानंतर तिने यायचं सोडलं. फोन आईला करायची, आप्पा घरात नसताना.

पावसाळ्याच्या तोंडावर एकदा दुपारी जिजी दुकानात आली. ती कधी एकटी आलेली नव्हती. घाईत असली की ती अहिराणीतच बोलायची.

“भाऊ, झोपमा कोनी नाटक करस का?”

मी विचारलं, काय झालं?

आप्पा दुपारी जेवून झोपले होते, घोरत होते. जिजी शेजारून जात होती. तिच्या मनात काय आलं कोण जाणे, तिने पदराचं टोक घेतलं आणि त्यांच्या मांडीवरून हलकेच फिरवलं. “निस्ता पदर लागना, आनि त्या ताडकन उठी बसनात.” आप्पांना कशाने जाग आली तेही कळलं नव्हतं. घामाघूम होऊन ते इकडेतिकडे बघत होते. जिजी हे सांगताना आपल्या पदराकडे असं बघत होती, जसं काही त्याला निखारा बांधलेला होता. इतके महिने तिने नवऱ्याची चाकरी केली होती, पण मनातून तीही त्यांचं खरं धरत नव्हती.

माझ्याकडे येणाऱ्या औषधांच्या चिठ्ठ्यांमुळे मला एका डॉक्टरीणबाईंची माहिती होती. त्या फक्त जुनाट वेदनांवर उपचार करायच्या. मी जिजीला म्हटलं, तिथे नेऊ. आप्पा तयार होतील का, हा प्रश्न होता. मी त्यांच्या घरी गेलो. आप्पा म्हणाले, “ही तुमच्या ओळखीची आहे?”

“तोंडओळखही नाही.”

“मग चालेल.”

डॉक्टरीणबाईंनी आधी फक्त ऐकून घेतलं. आप्पा सगळं बोलले, कात्रीपासून किडनीपर्यंत. बाई हसल्या नाहीत. मग त्यांनी आप्पांना खाटेवर झोपवलं, कापसाचा बोळा घेतला आणि मांडीवर एकेका जागी टेकवत विचारू लागल्या. इथे? इथे जळतं की बधिर वाटतं? आणि इथे? आप्पा सांगत गेले आणि बाई पेनने त्यांच्या कातडीवर ठिपके देत गेल्या. शेवटी त्यांनी ठिपके जोडले. मांडीच्या बाहेरच्या अंगाला एक लांबट गोल तयार झाला.

“आत्ता हे सगळं पुन्हा करते,” त्या म्हणाल्या. “डोळे मिटा.”

डोळे मिटूनही रेघ त्याच जागी आली.

त्यांनी मला आणि जिजीला जवळ बोलावलं. कमरेच्या हाडापासून एक बारीक नस खाली मांडीकडे येते, ती फक्त एवढ्याच भागाची खबर नेते. जाळी सरकू नये म्हणून आतून बारीक खिळ्यांसारखे टाके मारतात. त्यातला एखादा त्या नसेवर किंवा तिच्या फार जवळ बसला असेल, तर नेमका हाच भाग जळतो. क्वचित होतं, पण होतं. या ऑपरेशनात काय होऊ शकतं हे शिकवताना विद्यार्थ्यांना सांगतात त्यांपैकी हे एक.

मग त्या आप्पांकडे वळल्या. “काका, तमारुं कोईए कशुं चोर्युं नथी.” म्हणजे तुमचं कोणी काही चोरलेलं नाही. आणि लगेच पुढे म्हणाल्या, “पण तमे खोटुं नथी बोलता.”

आप्पांना गुजराती चांगलं कळायचं. तरी त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मराठीत सांगितलं, “तुम्ही खोटं बोलत नाही म्हणतात.”

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. खांदे हलत होते. जिजी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली आणि बाई उगाचच बेसिनपाशी जाऊन हात धूत राहिल्या.

खात्री करायला बाईंनी कमरेच्या हाडाजवळ बधिर करायचं इंजेक्शन दिलं. थोडा वेळ गेला. आप्पांनी हळूच मांडीला बोट लावलं. मग तळहात. मग लुंगी सोडून दिली आणि ती मांडीवर पडू दिली.

“कुठे गेलं?” ते दचकून म्हणाले.

“काही तासांनी परत येईल,” बाई म्हणाल्या. “पण आपल्याला जागा सापडली.”

पुढचे काही महिने इंजेक्शनं झाली, त्याच नसेच्या गोळ्याही झाल्या. या वेळी आप्पांनी त्या मुकाट्याने घेतल्या. फरक पडायचा आणि जायचा. शेवटी बाई म्हणाल्या, पुन्हा दुर्बीण घालून तो टाका काढावा लागेल, आणि नस फारच अडकली असेल तर तीही कापावी लागेल. एक अनुभवी सर्जन हे करायला तयार होते. बाईंनी पहिल्या डॉक्टरांनाही कळवलं. ते स्वतः आप्पांना भेटायला आले. “काका, मी तुमचं नीट ऐकायला हवं होतं,” म्हणाले. आप्पा माफ केलं असंही म्हणाले नाहीत, भांडलेही नाहीत. “बसा, चहा घ्या,” एवढंच म्हणाले. चहाचा पहिला घोट मात्र स्वतः घेतला नाही. तो डॉक्टरांनी घेईपर्यंत थांबले.

ऑपरेशनला आप्पा तयार होईनात. भीती होतीच, कोणाला नसती? पण अडलं होतं दुसऱ्याच गोष्टीवर. मला ते दुकानात येऊन म्हणाले, “भाऊ, जावयाला फोन लावा.”

“तुम्ही लावा ना.”

“माझा उचलणार नाही.”

मी लावला, त्यांच्या हातात दिला. पलीकडून हॅलो आलं. आप्पा काउंटरच्या काचेवर नखाने काहीतरी खरडत राहिले. मला वाटलं, आता माफी मागतील. आप्पांना ते शब्द येत नव्हते. ते म्हणाले,

“मला पुन्हा बेशुद्ध करणार आहेत. तेव्हा मला काही बघता येणार नाही. बाहेर कोणीतरी भरवशाचं पाहिजे.”

त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“तू ये,” आप्पा म्हणाले, आणि फोन मला देऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

जावई आला. मुलगीही आली. ऑपरेशन चालू असताना जावई बाकावर न बसता दारासमोरच उभा होता. सर्जननी बाहेर येऊन डबीत घालून तो टाका दाखवला, एक बारीकशी पिळाची तार, तांदळाच्या दाण्याहूनही लहान. ती नसेच्या आरपार होती. नस वाचवता आली नाही, कापावी लागली. जावयाने ती डबी उजेडात धरून पाहिली, मग मुलीने, मग जिजीने.

आग थांबली. पण मांडीचा तेवढा भाग कायमचा बधिर झाला. आप्पा दुकानात यायचे, बोलता बोलता मांडीवर चापट्या मारायचे, चिमटा काढायचे. “जळत होती तेव्हा माझी होती,” एकदा म्हणाले. “आता कोणाची तरी मांडी लावून फिरतोय.” बीम उचलायचं काम त्यांना पुन्हा जमण्यासारखं नव्हतं. थंडी सुरू झाली तशी त्यांनी गावी जायचं ठरवलं. मला सांगायला आले तेव्हा उजेडात धरायला हातात काही नव्हतं. उगाच काउंटरवरचं खोकल्याचं औषध उचललं, बघितलं, ठेवून दिलं. उधन्याहून नंदुरबारकडच्या गाडीत जावयाने त्यांचं सामान चढवून दिलं, असं नंतर कळलं. त्यांच्या घरात आता ओडिशाकडचं एक कुटुंब राहतं.

परवा त्यांची मुलगी दुकानात आली. गावी जाऊन आली होती. म्हणाली, “भाजल्यावरचं चांगलं मलम द्या, पार्सलने पाठवायचंय.”

“कोणाला भाजलं?”

“आप्पांना. उकळता चहा सांडला मांडीवर. पेपर वाचत तसेच बसून राहिले. आईने धोतर ओलं पाहिलं तेव्हा कळलं. एवढाले फोड आलेत.” तिने हाताने दाखवलं. “मी रोज फोन करून विचारते, आप्पा, दुखतंय का? तर म्हणतात, नाही गं, अजिबात नाही.”

मी ट्यूब काढून काउंटरवर ठेवली. ती तिने घेतली नाही. माझ्याकडे बघत राहिली.

“खरं सांगत असतील का हो ते?”